गावच्या इतिहासाचा फलक लावताय? या चुका टाळा

"हे शिवकालीन हेमाडपंती मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले." अशा धाटणीचं वाक्य आपल्याकडच्या कितीतरी फाट्यांवर, वेशींवर आणि मंदिरांच्या पायऱ्यांशी रंगवलेलं सापडेल. एका वाक्यात तीन काळ येतात आणि तिघांचंही एकमेकांशी जमत नाही. कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नसतं. गावात निधी आलेला असतो, जयंती तोंडावर आलेली असते, फ्लेक्सवाला मजकूर मागत असतो. मग मारुतीच्या पारावर बसून चार जण जे आठवतं ते सांगतात आणि ते तसंच छापून येतं.

बोर्ड गंजला तर नवा लावता येतो. चुकीच्या मजकुराचं तसं होत नाही. दोन वर्षांत शाळेतली मुलं तो सहलीच्या वहीत उतरवतात, कुणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवतं, स्मरणिका निघाली की त्यात तो शब्दशः येतो आणि मग "फलकावरच लिहिलंय ना" हाच आधार ठरतो. म्हणून फलकावर तेवढंच लिहावं जे दगड, कागद किंवा ठिकाण स्वतः सांगतं. गावात जे सांगितलं जातं तेही जरूर लिहावं, पण "गावात असं सांगतात" हे जोडून.

"शिवकालीन" आणि "हेमाडपंती" हे शिक्के

घडीव दगड एकमेकांवर चुन्याशिवाय बसवलेले दिसले की आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख. त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार मुम्मुणीच्या राजवटीतलं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं हे बांधकाम, आणि बोलताना आपण त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. चुन्याशिवाय दगड सांधायची पद्धत त्याच्या आधीही होती, नंतरही राहिली. फलकावर "चुन्याविना सांधलेलं दगडी मंदिर" एवढं लिहिलं तरी पुरे. शतक लिहायचंच असेल तर मंदिर स्थापत्याच्या जाणकाराला खांब, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), शिखराचा उरलेला भाग यांचे फोटो दाखवा. शिखर मागाहून विटा-चुन्यात बांधलेलं असतं आणि खालचा भाग कितीतरी जुना असतो, असं नेहमी आढळतं. अशा वेळी दोन काळ लिहावे लागतात.

"शिवकालीन"चं दुखणं वेगळं आहे. महाराजांचं नाव लागलं की ठिकाणाला मान मिळतो, निधी मिळतो, कुणी वाद घालत नाही. पण महाराष्ट्रातल्या कित्येक बारवा, वीरगळ (लढाईत मरण आलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि मंदिरं त्यांच्याही आधी चार-पाचशे वर्षांची आहेत, आणि कित्येक वाडे नंतरचे, पेशवाईतले. आठशे वर्षांच्या दगडाला साडेतीनशे वर्षांचा करून त्याचा मान वाढत नाही.

शक आणि सन यांची गल्लत

सगळ्यात जास्त फलक इथे चुकतात, आणि ही चूक पाच मिनिटांच्या बेरजेने टळणारी असते म्हणून जास्त खटकते.

समजा, मंदिराच्या गणेशपट्टीखाली "शके १७००" कोरलंय. कुणीतरी ते "सन १७००" वाचतं. मग कुणीतरी हिशेब करतं की १७०० म्हणजे राजाराम महाराजांचा काळ, त्याच वर्षी ते सिंहगडावर वारले, आणि फलकावर "छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मंदिर" असं येतं. खरं वर्ष इ.स. १७७८, सवाई माधवरावाच्या पेशवाईतलं. ७८ वर्षं चुकली आणि त्यासोबत राजा, राजधानी, सगळा राजकीय नकाशाच चुकला.

शकात ७८ मिळवायचे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून साधारण पौषापर्यंतच्या तिथीला ७८, आणि १ जानेवारीनंतर फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९. याची उदाहरणं आपल्याला पाठ असतात, फक्त तशी पाहिलेली नसतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. त्यात ७८ मिळवले की १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतील, जे चूक. फाल्गुन आहे म्हणून ७९, आणि वर्ष १६३०.

लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव असेल तर ताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६०ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १५९६ मध्ये १२ मिळवून १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच. शके १५५१ मध्ये १२ मिळवून १५६३, बाकी ३, तिसरा शुक्ल. तोही जुळतो. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. दगडावरचा एखादा अंक झिजलेला असेल तर हा ताळा फार उपयोगी पडतो. एखादा अंक १ आहे की ९ यावर चावडीत तासभर वाद घालण्यापेक्षा संवत्सर वाचायचा प्रयत्न करावा.

मोडी कागदात किंवा दर्ग्या-मशिदीवरच्या लेखात वेगळ्या कालगणना भेटतात. सुहूर सनात आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून सुरू करून लिहिलेले असतात. "खमस अशरीन मया व अलफ" म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, एकूण ११२५. यात ५९९ मिळवायचे. हे वर्ष मृगात बदलतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे हा कागद १७२४-२५ चा झाला. हिजरीला तर ठरावीक आकडा मिळवून भागतच नाही, कारण ते चांद्र वर्ष आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हिजरी १००० ला ६२२ मिळवून कुणी १६२२ लिहील, पण ते वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्येच सुरू झालं होतं. हिजरीसाठी जंत्रीच, म्हणजे तारखा जुळवून दिलेलं कोष्टकच, बघावी.

फलकावर मूळ शक किंवा सन आणि कंसात इसवी सन, असं दोन्ही लिहा. बेरीज चुकलीच तरी पुढचा माणूस ती दुरुस्त करू शकेल. फक्त इसवी सन लिहिलं की दगडावर काय होतं हे फलकावरून कळायची सोय उरत नाही.

किनारपट्टीवर आणि गोव्याच्या हद्दीलगत आणखी एक खाचखळगा आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात नवी, म्हणजे ग्रेगोरियन, दिनगणना १५८३ पासूनच धरली. इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनीच वापरत होते. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख दोघांच्या कागदात दहा दिवसांनी वेगळी येते. त्याशिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखेवर मागच्या वर्षाचा आकडा दिसतो. दोन फलकांवर दहा दिवसांचा फरक दिसला की लगेच कुणाला खोटं ठरवू नका.

वीरगळ उलटा वाचणं, रंगवणं, गाडणं

आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या इतिहासात सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात जास्त हाल झालेली वस्तू म्हणजे वीरगळ. मारुतीच्या देवळामागे, वेशीजवळ, तळ्याच्या बांधावर, कधी चक्क गटारावरची फरशी म्हणून.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. शेजारी गायी कोरलेल्या असतील तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना त्याला मरण आलं असा अर्थ घेतात. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर कलश आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. आपली नजर सवयीने वरून सुरुवात करते आणि मग फलकावर कथा उलटी येते: "एक शिवभक्त राजा पूजा करत असताना शत्रूने हल्ला केला..." असले फलक खरोखरच लिहिले जातात.

दगडावर दंडापासून कोपरात वळवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री असं चित्र असेल तर गद्धेगळ. दान दिलेली जमीन किंवा हक्क मोडणाऱ्याला दिलेला तो शाप आहे, आणि शिलाहार-यादव काळात दानपत्राच्या शिळेवर तो राजरोस कोरला जायचा. लाजून गद्धेगळाचा फलकच न लावणं किंवा "अज्ञात शिल्प" म्हणणं ही दोन्ही पळवाटच. सरळ लिहा: दान मोडू नये म्हणून कोरलेली शापशिळा. वाचणारे मोठे आहेत.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. म्हणून वीराचं नाव सांगता येत नाही. गावातल्या एखाद्या भावकीचं म्हणणं असतं की तो त्यांच्या मूळपुरुषाचा. असेलही. पण फलकावर ते नाव ठाम घातलं की दुसरी भावकी उठते, आणि तिचंही म्हणणं तितकंच जुनं असतं. नाव नाही, काळ अंदाजे, एवढं कबूल करायला फलकाला कमीपणा येत नाही.

आता दगडाचे हाल. फलक लावण्याच्या उत्साहात दगड "चांगला दिसावा" म्हणून त्यावर ऑइलपेंट मारतात, सोनेरी किंवा भगवा. रंगाने दगडाची छिद्रं बुजतात, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि काही पावसाळ्यांनी रंगाचा पापुद्रा निघतो तो कोरीव कामाचा थर सोबत घेऊन. धुवायचाच असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड आणि गाड्या धुवायचा प्रेशरचा पंप यातलं काहीही जवळ आणायचं नाही. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा भस्म चोळतात, तेही नको. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला समांतर धरा. उथळ अक्षरांच्याही सावल्या पडतात आणि दुपारी न दिसलेली ओळ फोटोत स्वच्छ येते. वरून, खालून, डावी-उजवीकडून प्रकाश देऊन चार फोटो घ्या आणि तेच जाणकाराकडे पाठवा.

शेंदराचं मात्र तारतम्य ठेवावं. ज्या दगडाची रोज पूजा होते त्यावरचा शेंदूर आपण "संवर्धन" म्हणून खरवडायचा नसतो. तो लोकांचा देव आहे. शिवाय जुना थर ओढून काढताना नाक-डोळे निघून येतात.

सिमेंटचा कट्टा ही तर सगळ्यांची आवडती चूक. वीरगळाच्या तळाशी न घडवलेला ओबडधोबड भाग असतो, तो जमिनीत पुरण्यासाठीच ठेवलेला असतो. दगड उभा करताना तेवढाच भाग खाली जायला हवा. पण काँक्रीट ओततात तेव्हा खालची चौकट अर्धी आत जाते, म्हणजे नेमकी लढाईच बुजते. गायी गेल्या, ढाल गेली, उरला तो पूजा करणारा माणूस. वर सिमेंटमधले क्षार दगडात चढतात आणि पुढे दगड हलवायची वेळ आली तर तो फोडल्याशिवाय निघत नाही. त्यापेक्षा खड्डा, तळाला मुरूम, वर वाळू आणि चारी बाजूंनी दगडांची पाचर. हे काम गावातला गवंडी अर्ध्या दिवसात करतो. दगड कलता असेल पण पडण्याच्या बेतात नसेल, तर तो तसाच राहू द्यावा.

"पहिला", "सर्वांत जुना", "एकमेव"

मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखाचं उदाहरण पाहा. पूर्वी पाठ्यपुस्तकांपासून सगळीकडे श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या "श्रीचावुंडराजें करवियलें" या ओळीला तो मान होता. मग अलिबागजवळच्या आक्षीच्या शिळेचं वाचन प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं केलं आणि मान तिकडे गेला. ती शिळा अनेक वर्षं गावात रस्त्याच्या कडेला उघड्यावरच होती. तिच्या शकाच्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तसं असल्यावर भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या लेखाचा दावा पुढे येतो. यातल्या कुठल्याही गावाने ग्रॅनाइटवर "जगातील पहिला" कोरून ठेवलं की पुढच्या वाचनाबरोबर ते खोटं ठरण्याची शक्यता असते.

"मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक" हे लांबलचक वाटतं, छातीही फुगत नाही, पण ते वीस वर्षांनी खोडावं लागत नाही. आणि कोण मोजून आलंय? "महाराष्ट्रातील एकमेव" असं लिहिलेल्या बारवेसारखी बारव शेजारच्या तालुक्यात असतेच.

भलत्याच गावाचा इतिहास आपल्या गावाला

२८ फेब्रुवारी १७२८ ला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड वैजापूर तालुक्यातलं. नाशिक जिल्ह्यातही पालखेड आहे, कादवा नदीवरच्या धरणामुळे ते नाव लोकांच्या जास्त तोंडी, आणि लढाई तिथलीच समजणारे अनेक भेटतात. वडगाव, पिंपळगाव, खेड, नांदगाव अशा नावांची गावं तर प्रत्येक तालुक्यात. बखरीत किंवा पत्रात नुसतं गावाचं नाव सापडलं म्हणून उडी मारू नका. त्याच पत्रात नदी, घाट, आदला-पुढचा मुक्काम काय दिलाय ते पाहा आणि एका दिवसाच्या कूचात ते अंतर बसतंय का ते तपासा.

जे फलकावर लिहूच नये

गुप्तधनाची दंतकथा. "येथे सात रांजण मोहरा पुरल्या आहेत अशी आख्यायिका आहे" हे वाक्य लिहिणाऱ्याला मजेचं वाटतं. अमावास्येला कुदळी घेऊन येणाऱ्याला ते पत्ता दिल्यासारखं आहे. वीरगळ, गद्धेगळ आणि शेतातले सुटे नंदी याच समजुतीपायी उखडले जातात. सुट्या लहान मूर्ती नेमक्या कुठे आहेत हेही फलकावर नको, आणि त्यांचे फोटो जागेच्या लोकेशनसकट फिरवणंही नको. खोदकामात काही मौल्यवान सापडलंच, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

दुसरं, मूर्ती कुणी फोडली याचे निकाल. नाक तुटलेल्या प्रत्येक मूर्तीखाली कुठल्या तरी स्वारीचं नाव लिहायची आपल्याला घाई असते. मंदिर पडतं ते पिंपळाच्या मुळांनी, विजेने, पाया खचून, दगड दुसऱ्या बांधकामाला नेल्याने, आणि कधी खरंच आक्रमणानेही. कागद किंवा लेख असेल तर बेलाशक लिहा, वर्षासकट. नसेल तर "मूर्ती भग्न आहे" इथे थांबा.

मजकूर किती आणि कसा

फटफटीवरून उतरलेला माणूस उभ्याने साठ-सत्तर शब्द वाचतो. त्यापुढे तो सेल्फीकडे वळतो. रस्त्यावरून दिसायचा फलक आणि जागेवर वाचायचा फलक हे वेगवेगळे ठेवा. फाट्यावर फक्त नाव, बाण आणि अंतर. मजकूर दगडाशेजारी, पण दगडासमोर नाही, नाहीतर फोटोत फलकच येतो. जागेवरच्या फलकाचं अक्षर दोन ते अडीच सेंटीमीटर उंचीचं असलं की चष्मेवाल्यालाही चालतं.

एका वीरगळासाठी मजकूर असा करता येईल:

"वीरगळ. लढाईत मरण आलेल्या वीराचे स्मारक. चित्रे खालून वर पाहावीत. तळाशी वीर ढाल-तलवार घेऊन लढत आहे, शेजारी गायी आहेत. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश, सूर्य आणि चंद्र. दगडावर लेख नाही, त्यामुळे वीराचे नाव आणि वर्ष सांगता येत नाही. पूर्वी हा दगड ओढ्याकाठी होता, रस्ता रुंद करताना येथे आणला."

शेवटचं वाक्य कुणाला सुचत नाही आणि अभ्यासकाला तेच सगळ्यात जास्त लागतं. दगड मूळ जागी आहे की हलवलाय हे पन्नास वर्षांनी सांगणारं गावात कुणी उरत नाही.

नावांची यादी वेगळ्या पाटीवर टाका. संकल्पना, सौजन्य, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, आणि मग खाली उरलेल्या जागेत इतिहास, असा फलक निवडणुकीनंतर टिकत नाही. त्यावर आधी शाई पडते, मग दगड. खाली बारीक अक्षरात ग्रामपंचायतीचं नाव आणि फलक लावल्याचं वर्ष पुरे. क्यूआर कोड लावायचा मोह असेल तर ते पान पाच वर्षांनी कोण चालवणार हे आधी ठरवा. कोड उघडला नाही तरी मजकूर पूर्ण वाचता आला पाहिजे.

मजकूर पक्का करण्याआधी कच्चा खर्डा ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर पंधरा दिवस लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. हरकत येते ती याच वेळी यावी. ग्रॅनाइट कोरून झाल्यावर आलेल्या हरकतीची किंमत ग्रॅनाइटएवढी असते.

फ्लेक्सच्या दुकानातल्या चुका

तुम्ही मोबाइलवर नीट टाइप करून पाठवता. दुकानातला मुलगा तो मजकूर कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत पेस्ट करतो आणि युनिकोडचं गणित बिघडतं. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते, "शिलालेख"चं "शलिालेख" होतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, "क्ष" सुटा होतो. किंवा तो सगळं श्रीलिपीत पुन्हा टाइप करतो आणि "वीरगळ"ची "विरगळ" होते. दोष मुलाचा नाही, त्याच्याकडे त्या दिवशी तीन वाढदिवसाचे बॅनर असतात.

वॉट्सॲपवर आलेल्या लहान इमेजवरून "ओके" पाठवू नका. पीडीएफ मागवा, ती कागदावर छापा, आणि मजकूर ज्याने लिहिला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा. आकडे दुसऱ्याने वेगळे ताडून पाहावेत. मग त्या कागदावर सही करून तोच कागद दुकानात द्या.

साहित्याबद्दल थोडक्यात. फ्लेक्स एका-दोन उन्हाळ्यांत फिका पडतो, तो उद्घाटनापुरता ठीक. ग्रॅनाइटवर कोरलेली अक्षरं टिकतात पण त्यातला सोनेरी रंग उडतो, मग काळ्यावर काळं काही वाचता येत नाही. रंग दर दोन-तीन वर्षांनी भरावा लागणार हे धरूनच चाला. कोकणात लोखंडी पत्रा नको. स्टील वापरणार असाल तर किनाऱ्यावर ३१६ ग्रेडचं मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात. जांभ्यावर बारीक अक्षर धरत नाही. आणि फलकाचे खिळे जुन्या भिंतीत, खांबात किंवा झाडात ठोकायचे नाहीत, त्याला स्वतःचे दोन खांब द्यायचे.

परवानगी

ठिकाण केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल (निळा फलक असतो) तर तिथे स्वतःहून काहीही उभं करायचं नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा राज्याचा कायदा लागतो, त्यासाठी पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात पत्र द्या. असंरक्षित वीरगळाला यातलं काही लागत नसलं तरी शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू आहे. ते कुणाच्या फार्महाउसच्या फाटकाशी शोभेला नेता येत नाही, सरपंचांच्या तोंडी परवानगीनेही नाही.

रस्त्याचं वेगळंच. राज्यमार्गाच्या हद्दीत फलक लावायचा तर सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी हवी, जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर तिच्या बांधकाम विभागाची, आणि राष्ट्रीय महामार्गावर त्या यंत्रणेची. नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर लावलेला फलक रुंदीकरणात पहिल्याच दिवशी जेसीबीच्या बकेटमध्ये जातो. त्यापेक्षा रस्त्याच्या हद्दीबाहेर, गावठाणात किंवा शाळेच्या आवारात जागा बघा. रुंदीकरण जाहीर झालं की कडेला असलेल्या जुन्या दगडांची यादी फोटोंसह उपअभियंत्यांना आधीच लेखी द्या. एकदा भराव पडला की कुठला दगड कुठे होता हे कुणी सांगू शकत नाही.

चुकीचा फलक आधीच लागला असेल तर

फोडू नका, आणि शाईही लावू नका. आधी तारीख दिसेल असा फोटो घ्या. बरोबर मजकूर आणि त्याचा आधार एका पानावर लिहून ग्रामपंचायतीला पत्र द्या. पत्रात कुणाची चूक हे न लिहिता काय हवं ते लिहिलंत तर काम लवकर होतं. ज्यांनी पैसे दिले त्यांना आधी भेटा. फलकावरचं त्यांचं नाव तसंच राहणार हे ऐकल्यावर निम्मा विरोध मावळतो. ग्रॅनाइट बदलायला पैसे नसतील तर चुकलेल्या ओळींवर त्याच मापाची स्टीलची पट्टी चार स्क्रूंनी बसते. फक्त वर्ष चुकलं असेल तर तेवढीच पट्टी.

दगडावर ऑइलपेंट आधीच मारला असेल तर तो थिनर किंवा तारेच्या ब्रशने काढायला बसू नका. संवर्धनाच्या जाणकाराला दाखवेपर्यंत पुढचा हात थांबवणं एवढंच गावाच्या हातात आहे. दर जयंतीला नवा हात मारायची प्रथा पडली असेल तर ती थांबवायलाही ग्रामसभेचा ठराव लागतो, नुसतं सांगून भागत नाही. सिमेंटमध्ये पक्का झालेला वीरगळही ब्रेकरने सोडवू नका. बुजलेल्या चौकटीचा जुना फोटो गावात कुणाकडे तरी मिळतो, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा, मागे दगड आणि पुढे वऱ्हाड. तो फोटो फलकावर छापला तर न दिसणारा भाग निदान पाहता येतो.

आणि एक फाइल करा. त्यात दगडाचे फोटो, मजकुराचा आधार, जाणकाराचं पत्र, परवानगीची प्रत, ग्रॅनाइटमधल्या रंगाची कंपनी आणि शेड. फाइलची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत. ग्रामसेवकाची बदली होते आणि मुख्याध्यापकांचीही होते, पण सहसा दोघांची एकाच वर्षी होत नाही.